फलाटावरचं गाणं : भीक, बिदागी आणि मंडप

 

आजचा विषय आहे भुयारी रेल्वे स्टेशनांत वाजवणारे शास्त्रीय संगीतकार. फळ्यावर हा विषय वाचून एक जण आम्हाला म्हणाले, ‘‘सर, आपल्याकडे जमिनीवरची रेल्वे यायला किती पिढ्या गेल्या, आणि तुम्ही निघाले जमिनीखालच्या गप्पा मारायला!’’ त्यांचं खरं आहे. २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून नवीन आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा आपलं कडा पहिल्यांदा रेल्वेच्या नकाशावर आलं. पुढे १७ सप्टेंबर २०२५ ला ती बीडपर्यंत गेली. आता आपल्याला फलाट आहे. आणि जिथे फलाट आहे तिथे आजचा प्रश्न कधी ना कधी येणारच, म्हणून आधीच विचार करून ठेवू.

या विषयामागे एक छोटा प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता लेकीकडे लंडनला गेलो होतो. एका भुयारी स्टेशनात, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी एक तरुण चेलो वाजवत होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, बसून वाजवायचा. आम्ही आयुष्यभर कॉलेजात सौंदर्यशास्त्र शिकवलं. आणि काय केलं? घड्याळ बघितलं आणि जिन्याकडे निघालो. आमच्या सौ. मात्र थांबल्या. दोन-तीन मिनिटं नीट ऐकलं. मग पर्स उघडली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. जिन्यावर आम्हाला गाठून त्यांनी विचारलं, ‘‘अहो, पैसे टाकले असते तर त्याला राग आला असता का हो? भीक घातल्यासारखं झालं असतं का?’’

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा. त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. आम्ही थांबलो का नाही, हा पहिला. आणि त्या थांबल्या तरी त्यांचा हात का अडला, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. याच्यावर एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे. १२ जानेवारी २००७, शुक्रवारची सकाळ. वॉशिंग्टन शहरात लांफां प्लाझा नावाचं मेट्रो स्टेशन आहे, सरकारी कचेऱ्यांच्या मध्यावर. तिथे आठला थोडा वेळ असताना एक माणूस टोपी घालून, व्हायोलिन घेऊन दाराशी उभा राहिला. त्याने ४३ मिनिटं वाजवलं. हा माणूस होता जोशुआ बेल, आजच्या जगातल्या नामवंत व्हायोलिनवादकांपैकी एक. हातातलं वाद्य १७१३ साली स्ट्रॅडिव्हेरीने घडवलेलं. वाजवत काय होता? सुरुवातच बाखच्या ‘शाकॉन’ने केली. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांत ही फार कठीण मानली जाते. तीनच दिवस आधी बोस्टनमध्ये त्याच्या कार्यक्रमाला चांगल्या खुर्चीचं तिकीट शंभर डॉलरच्या घरात होतं.

समोरून १,०९७ माणसं गेली. मिनिटभर तरी थांबली अशी सात. पैसे टाकले २७ जणांनी, बहुतेकांनी चालता चालता. एका बाईने त्याला ओळखून २० डॉलर दिले, ते वगळून जमलेली रक्कम ३२ डॉलर १७ सेंट. त्या वेळच्या दराने साधारण चौदाशे रुपये.

हा प्रयोग ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जीन वाइनगार्टन या पत्रकाराने घडवून आणला. त्याच्या लेखाला २००८ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात दोन निरीक्षणं आहेत, ती आम्हाला महत्त्वाची वाटतात. एक, जाणाऱ्यांत जी लहान मुलं होती ती प्रत्येक वेळी मान वळवून थांबू बघत होती आणि प्रत्येक वेळी आई किंवा बाप त्यांना ओढून नेत होते. दुसरं, बेल यांना सगळ्यांत अवघड गेला तो रचना संपल्यानंतरचा क्षण. टाळी नाही, मान हलत नाही, काहीच नाही.

आपल्या गाण्यात तर ही अडचण दुप्पट होईल. आपल्याकडे दाद ही शेवटी द्यायची वस्तू नाही, ती गाण्याच्या मधोमध असते. समेवर आल्यावर समोरचा ‘वा’ म्हणतो, त्यावर गवय्याला पुढची जागा सुचते. ज्याला जागेवर दाद नाही त्याचं गाणं पुढे सरकणारच कसं?

आता या प्रयोगावरून बहुतेक लोक काय निष्कर्ष काढतात? की माणसं बहिरी झालीत, अरसिक झालीत, पैशाच्या मागे लागलीत. व्हॉट्सॅपवर हा किस्सा फिरतो तो याच तात्पर्यासह. आम्हाला हे पटत नाही. आणि आमच्या बाजूने साक्षीदार आहे तो हजार वर्षांपूर्वीचा, काश्मीरचा अभिनवगुप्त.

भरताच्या नाट्यशास्त्रावर त्याने टीका लिहिली, ‘अभिनवभारती’. त्यात तो विचारतो की रसाचा अनुभव का येत नाही? आणि सात विघ्नं मोजतो. त्यातलं एक आहे निजसुखादिविवशीभाव. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. माणूस स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो की दुसऱ्या कशावर त्याचं मन ठरत नाही. लेकराला ताप आहे, साहेब रागावणार आहे, सव्वाआठची गाडी चुकणार आहे. अशा माणसापुढे साक्षात गंधर्व आला तरी तो काय ऐकणार?

इथे लक्ष द्या, बरं का. अभिनवगुप्त त्या माणसाला शिव्या देत नाही. तो उपाय सांगतो. या विघ्नावर उतारा म्हणून वाद्यं असतात, गाणं असतं, सजवलेला मंडप असतो, कलावंतिणी असतात. म्हणजे काय तर रसिक हा काही आभाळातून पडत नाही, त्याला घडवायची सोय करावी लागते. जो सहृदय नाही, त्याचंही मन या सगळ्याने निवळतं आणि तो सहृदय होतो, असं तो स्पष्ट म्हणतो. आम्हाला हे वाक्य फार उदार वाटतं.

तर आमचं म्हणणं असं की लांफां प्लाझाला त्या सकाळी कला होती, श्रोते होते, मंडप नव्हता. मंडप म्हणजे कापड आणि बांबू नव्हेत. मंडप म्हणजे ‘आता इथे थांबायला हरकत नाही’ अशी परवानगी आणि थांबण्यापुरता वेळ. मुलांजवळ दोन्ही होतं, म्हणून ती थांबू बघत होती. मोठ्यांजवळ दोन्ही नव्हतं.

याचा पुरावाही मिळाला. ३० सप्टेंबर २०१४ ला हाच जोशुआ बेल वॉशिंग्टनच्याच युनियन स्टेशनात वाजवायला आला. या वेळी आधी सांगून, दुपारच्या वेळेला, मोठ्या दालनात. लोकांनी दालन भरून गेलं. शहर तेच, माणूस तोच, ठिकाण स्टेशनच. त्या सात वर्षांत वॉशिंग्टनची माणसं काही एकदम रसिक झाली नव्हती. त्यांना मंडप मिळाला होता.

आता आपण घराकडे येऊ. तुम्ही म्हणाल, आपल्या गवयांचा आणि रेल्वेचा काय संबंध? फार जवळचा संबंध आहे.

१९३३ साली गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा घरातून पळाला. गुरू शोधायचा होता. दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याला वेड लागलं होतं. तिकिटाला पैसे नव्हते. डब्यात गाणं म्हणायचं, प्रवासी खूश झाले की खायला द्यायचे, तिकीट तपासनीसही ऐकून सोडून द्यायचा. कधी सोडायचा नाही, तेव्हा उतरावं लागायचं. असं करत तो मुलगा ग्वाल्हेरपर्यंत पोचला. तो मुलगा म्हणजे आपले भीमसेन जोशी. २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं. म्हणजे भारतरत्नाची पहिली मैफल, आम्ही म्हणतो, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात झाली.

पण बघा, डबा आणि भुयारी फलाट यांत फरक आहे. त्या काळच्या डब्यात माणसं तासन् तास बसलेली. बाहेर बघून कंटाळलेली. उतरायची घाई नाही. डबा हाच मंडप होता. आजच्या मेट्रोत काही मिनिटांनी गाडी येते आणि गाडी वेळेवर येणं हेच तिचं मोठेपण आहे. प्रवाशाच्या सोयीची जी गोष्ट, तीच गवयाच्या मुळावर येते. ह्यात दोष कुणाचाच नाही.

दुसरी आठवण खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांची. १९३७ चा ऑक्टोबर. मद्रासहून पुदुच्चेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. सोबत शिष्य होते. फलाटावरच बिछाना घातला आणि खाँसाहेबांनी दरबारी रागात प्रार्थना म्हटली, असं सांगतात. तिथेच २७ ऑक्टोबरला देह ठेवला. किराणा घराण्याच्या या थोर गवयाचं शेवटचं गाणं कुठल्या दरबारात किंवा नाट्यगृहात झालं नाही, ते आडगावच्या फलाटावर झालं. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे दर वर्षी उरुसात गवई येऊन गातात. त्याला ‘हजेरी’ म्हणतात. बिदागी नाही, तिकीट नाही, ऐकायला कुणीही यावं.

‘हजेरी’ हा शब्द आला, आणि इथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे जातो, आमच्या सौ.च्या अडलेल्या हाताकडे.

गाणाऱ्याला आपण जे देतो त्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. दारात वासुदेव आला की दान. कीर्तनकाराला दक्षिणा. तमाशात दौलतजादा. गवयाला बिदागी. आजकाल कार्यक्रमपत्रिकेत मानधन. आणि दर्ग्यात काहीच नाही, कारण तिथे गवईच देणारा. एकाच नोटेला इतकी नावं आहेत. आणि ह्या नावांत सगळा समाज भरलेला आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, की दोघं बरोबरीचे, की घेणाराच वर, हे नावावरून कळतं.

आमच्या लहानपणी मायंब्याच्या मच्छिंद्रनाथाच्या वाटेने जाणारे डवरी गोसावी दारात यायचे. हातात किंगरी. पहाटेच्या थंडीत ती तार अशी काही वाजायची की आम्ही गोधडीतून उठून बसायचो. आई सुपातून ज्वारी घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची, डोक्यावर पदर घ्यायची, ज्वारी झोळीत घालायची आणि वर नमस्कार करायची. देणारी नमस्कार करत होती, हे लक्षात घ्या. तिच्या मनात ‘भीक’ हा शब्द आला नसता. आला असता तर तिने पदर घेतला नसता.

पण कायद्याला हा नमस्कार दिसत नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या अशी की सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा स्वीकारणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, कला दाखवणं अशा कुठल्याही बहाण्याने का असेना. ‘बहाणा’ ह्या कल्पनेवर थांबा. म्हणजे कायद्याच्या मते तो गात नाही, गाण्याचं सोंग करून भीक मागतो. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली महत्त्वाची कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. गरिबी हा गुन्हा असू शकत नाही, हा त्यामागचा विचार. शिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४४ आहे. त्याने स्टेशनात आणि डब्यात भीक मागायला मनाई आहे. म्हणजे १९३३ चा तो अकरा वर्षांचा मुलगा आज डब्यात गाऊन पोटाला मागू लागला, तर त्याच्यापुढे भारतरत्नाच्या आधी कलम १४४ उभं राहील.

आपल्या गवयांना याची जाणीव फार आधी झाली होती. विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरजेचा आश्रय सोडून बाहेर पडले. संस्थानिकाच्या मर्जीवर जगणारा गवई हा शेवटी नोकर, हे त्यांना सलत होतं. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकीट म्हणजे धंदा, असं आपल्याला आज वाटतं. त्या काळी तिकीट म्हणजे मान होता. सामान्य माणूस आणे मोजून आत येतो, तेव्हा गवई कुणाच्या दारात उभा नसतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिकिटाने गवयाला उंबऱ्यावरून उचललं, आणि ज्याच्याजवळ आणे नव्हते त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

भुयारी स्टेशनातला संगीतकार ह्या दोन्हींच्या मधे उभा आहे. तिकीट लावत नाही, म्हणून कुणीही ऐकू शकतो. पुढे डबा ठेवतो, म्हणून भिकारी ठरायचा धोका.

काही शहरांनी यातून वाट काढली. न्यूयॉर्कने १९८५ मध्ये मेट्रोत संगीताचा उपक्रम प्रायोगिक म्हणून सुरू केला. पॅरिसच्या मेट्रोने १९९७ पासून चाचणी घेऊन संगीतकारांना परवाने द्यायला सुरुवात केली. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये परवान्याची पद्धत आणली. तिथे जमिनीवर अर्धगोल आखून जागा ठरवलेली असते. आम्ही पाहिलेला चेलोवाला तशाच एका अर्धगोलात बसला होता. आम्हाला तेव्हा वाटलं, ही नुसती रंगाची रेघ. आता कळतं की तो मंडप होता. आतला माणूस इथे हक्काने बसला आहे, हे ती रेघ सांगत होती. त्याच्यापुढे पैसे टाकणं ही भीक राहत नाही. ती बिदागी होते, फक्त आकडा श्रोत्याने ठरवायचा.

अर्थात ह्या व्यवस्थेत एक काटा आहे. चाचणी कोण घेणार? ज्याला परवाना मिळाला तो कलावंत, न मिळाला तो पुन्हा भिकारी. पलुस्करांच्या तिकिटासारखंच. कागदपत्रं नसलेला किंगरीवाला अर्ज कुठे करणार? त्यामुळे परवान्याची पद्धत आणायचीच तर चाचणीत ख्यालाशेजारी किंगरीलाही जागा हवी, आणि अर्ज तोंडी चालला पाहिजे, असं आमचं मत आहे.

आता आपल्या राज्यात भुयारी स्टेशनं आली आहेत. पुण्यात २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा खुला झाला. कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं जुन्या पेठांच्या पोटात आहेत. ज्या पेठांत भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये गायन समाज उभा केला, त्याच परिसराच्या खालून आता गाडी धावते. मुंबईत आरे ते कफ परेड ही मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाली. तिची एक सोडून सगळी स्टेशनं जमिनीखाली.

तिथे आपला गवई बसला तर वाजवेल काय? विलंबित ख्यालाला अर्धा-पाऊण तास लागतो, प्रवासी असतो मिनिटभर. मग द्रुत बंदिश, तराणा, धून, अभंग. हे हलकं झालं असं कुणी म्हणू नये. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत अख्खा राग मांडायला करीम खाँसाहेबांच्याच पिढीने शिकवलं, आणि गदगच्या मुलाने तेच ऐकून घर सोडलं. दुसरी गंमत रागसमयाची. जमिनीखाली ना पहाट ना तिन्हीसांज. दिवे सारखेच. तिथे सकाळी कुणी भैरव वाजवला, तर कदाचित त्या भुयारात सकाळ झाल्याची तेवढीच एक खूण असेल.

एक प्रश्न आला आहे. मागच्या रांगेतला मुलगा विचारतो, ‘‘सर, आपल्या कड्याच्या स्टेशनवर कोण वाजवणार?’’

बाळा, उलटं विचार. आपल्या गावागावांत सप्ताहात पखवाज वाजवणारी पोरं आहेत. याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी भजनातला पखवाज घेऊन देशभराच्या मंचावर गेले, पद्मश्री झाले. वाजवणारे आहेतच. सप्ताह संपला की त्यांना ऐकायला कुणी नसतं, मग पोरगं पखवाजाला खोळ घालतं आणि पुण्याला कामाला जातं. उद्या ते मंडईच्या स्टेशनातून रोज कामाला जाईल. तिथे त्याला आठवड्यातून एक तास, एक आखलेली जागा मिळाली तर खोळ निघेल. इतकंच मागणं आहे. फार खर्चाचं नाही. आपल्या कड्याच्या फलाटावर तर गाड्या मोजक्या आणि वाट पाहणारी माणसं बसलेली असतात. म्हणजे मंडप अर्धा तयारच आहे, परवानगी तेवढी हवी.

आणि तुम्ही-आम्ही काय करायचं? थांबायला वेळ असेल तर थांबायचं. नसेल तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. मात्र बरोबर लेकरू असेल आणि ते थांबलं, तर त्याचा हात ओढायच्या आधी घड्याळ एकदा नीट बघायचं, खरंच इतका उशीर झालाय का. पैसे द्यायचे तर चालता चालता फेकायचे नाहीत. थांबायचं, वाकायचं, ठेवायचे, त्याच्याकडे बघून मान हलवायची. आमच्या आईने उंबऱ्यावर हेच केलं होतं. नाणं तेच असतं, ते भीक की बिदागी हे पुष्कळसं देणाऱ्याच्या हातावर ठरतं.

सौ. आज इथे पहिल्या रांगेत आहेत. त्यांना आमचं उत्तर असं की नाही हो, त्याला राग आला नसता. तुम्ही दोन-तीन मिनिटं उभं राहून ऐकलं होतं, म्हणजे बिदागी तिथेच सुरू झाली होती. पर्समधलं नाणं राहून गेलं, ते राहिलं. आमची तर दोन मिनिटंही राहून गेली.

इथे थांबू. नमस्कार.